सहा तासांची वात

बत्तीकाकाच्या पुतणीला जुळी झाली त्या वर्षाची ही गोष्ट. दोन्ही मुली, दोन्ही रडक्या. एक थकली की दुसरी सूर धरायची. त्या घरात गाढ झोप एकट्या बत्तीकाकालाच लागायची, कारण त्याचे कान सुरुंगांनी कधीच निम्मे निकामी करून टाकले होते.

"काकांची मजा आहे," जावई डोळे चोळत म्हणायचा. "कानांना कुलूपच लावलंय."

"हो, पण किल्ली खाणीत राहिली," असं म्हणून काका एका हाताने पाळणा हलवत दुसऱ्या हाताने चहा प्यायचा.

चौतीस वर्षं त्याने दगडाच्या खाणीत सुरुंगांना बत्ती दिली होती. भोकं दुसरे पाडायचे, दारू दुसरे ठासायचे, वात पेटवायची ती मात्र यानेच. म्हणून नाव पडलं बत्ती. मूळचं नाव पगाराच्या दिवशीच काय ते ऐकू यायचं. लग्न त्याने केलं नाही. धाकटा भाऊ त्याच खाणीत सुरुंगाखाली गेला, मागे भावजय आणि तीन वर्षांची पोर राहिली, आणि त्या दोघींचं करता करता याचं लग्नाचं वय कधी निघून गेलं ते कुणी विचारलं नाही. भावजयीला जाऊन आता सात वर्षं झाली होती. पोर शिकली, एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागली, आणि खाणीने काकाला घरी बसवलं तेव्हा मालकाशी भांडून तिने त्यालाही तिथे चिकटवलं.

तिथलं त्याचं काम सोपं होतं आणि कंटाळवाणं होतं. छापून झालेलं पान सोडवायचं आणि त्यातला एकेक खिळा, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर, आपापल्या खान्यात परत टाकायचं. कामाला लागला तेव्हा त्याला अक्षराचा गंधही नव्हता. पुतणी येता-जाता सांगायची, हा क, हा ख, याचा खाना तो. दीड वर्षात त्याला वाचता यायला लागलं, तेही आधी उलटं, कारण खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं.

"बत्ती, तुला वर्तमानपत्र आरशात धरून देतो," मालक चिडवायचा.

एक पान वाचायला त्याला पाऊण तास लागायचा. बोट शब्दाखाली, ओठ हलताहेत, आणि वाक्य संपलं की मान वर. पण सावकाश वाचणाऱ्याचं एक असतं. घाईच्या माणसाच्या डोळ्याखालून जे निसटतं ते त्याच्या बोटाला टोचतं.

जावई पोस्टात कारकून होता आणि फावल्या वेळात कादंबरी लिहायचा. आकाशातली कादंबरी. त्यात एक भलंमोठं जहाज होतं, जहाजावर एक यंत्र होतं, आणि त्या यंत्राने अख्खा ग्रह फोडता यायचा. मालकाला ती आवडली, म्हणून छापायला घेतली. जशी पानं छापून होतील तसतसे त्यांचे खिळे काकाकडे यायचे, आणि रद्दीतला एकेक छापील कागद तो वाचायला घरी आणायचा.

पहिले काही दिवस त्याला गंमतच वाटली.

"जावईबापू, हा गोळा फोडायला भोकं किती पाडली?" त्याने एका सकाळी विचारलं.

"भोकं नाहीत हो काका. किरण. जहाजातून किरण सोडतात, तो ग्रहाच्या पोटात शिरतो."

"बरं. फुटला. मग तुकडे?"

"उडाले."

"कुठे उडाले?"

"चारी बाजूंना. अवकाशात."

काकाने पाव चहात बुडवला. "आमच्या खाणीत दगड उडायचा तो खालीच यायचा. जमीन ओढते ना. तुमच्या तुकड्यांना तुमचाच गोळा ओढणार. एवढा मोठा गोळा, त्याची ओढही तेवढीच. म्हणजे नुसता फोडून भागायचं नाही. एकेक तुकडा इतका लांब फेकायला हवा की त्याने परत फिरता कामा नये. नाहीतर संध्याकाळी फोडलात आणि सकाळी बघताय तर पुन्हा गोळाच."

जावई हसायला लागला आणि मधेच थांबला. खिशातून पेन्सिल काढून त्याने हातावरच काहीतरी लिहिलं. "खरं आहे हे. शक्ती हजारपट वाढवावी लागेल."

"वाढवा की. कागदावरच वाढवायची आहे, कुणाच्या बापाचं काय जातंय. पण एवढी दारू केली कोणी?"

"शास्त्रज्ञांनी."

"शास्त्रज्ञ असतील चार. वाहणारे, ठासणारे, मोजणारे? त्यांचं जेवण रांधणारे, त्यांच्या मोऱ्या धुणारे? लाखभर माणसं लागतील, वीस वर्षं. त्यातल्या एकाच्याही बायकोने घरी विचारलं नाही का, की अहो, तुम्ही दिवसभर तिथे करता तरी काय?"

पुतणी फिसकन हसली. "सगळ्याच बायका माझ्यासारख्या चौकस नसतात, काका."

"आणि फोडून मिळवायचं काय? खाणवाला डोंगर फोडतो तो दगड विकायला. हे काय विकणार?"

"भीती," जावई म्हणाला. "एक फोडला की बाकीचे न फोडताच हात जोडतात."

काकाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "हं. तसले मुकादम पाहिलेत मी," एवढंच तो म्हणाला आणि उठला.

शेवटची सोळा पानं जुळवून झाली त्या दिवशी मालकाला घाई होती. पानं लोखंडी चौकटीत कसून दगडी टेबलावर ठेवलेली, दुपारच्या सुट्टीनंतर यंत्रावर चढवायची. तपासलेली मुद्रितं शेजारीच पडली होती. सगळे जेवायला बाहेर गेले. काकाने डबा खाल्ला, हात पुसले, आणि गोष्टीचा शेवट काय होतो बघावं म्हणून एक कागद ओढून त्यावर बोट ठेवलं. पान दोनशे अकरा.

"सेनापतीने ग्रहाच्या दिशेने तीन वेळा हाक दिली. प्रत्येक हाकेनंतर त्याने शंभर आकडे मोजले."

काकाला बरं वाटलं. ही खाणीतली रीत. बत्ती देणाऱ्याने आधी खाणीकडे तोंड करून तीन हाका द्यायच्या, प्रत्येक हाकेनंतर शंभर मोजायचे, कोणी ओ दिली तर थांबायचं. पोरीने नवऱ्याला सांगितली असणार. बोट पुढे सरकलं.

"उत्तर आले नाही. नियम पाळला गेला. दोष, ज्यांनी ऐकले नाही त्यांचा. त्याने शांत मनाने कळ दाबली."

बोट तिथेच थांबलं. तो पुन्हा सुरुवातीला गेला आणि पुन्हा वाचून काढलं. ही वाक्यं जावयाची नव्हती. ही त्याच्या ओळखीची होती, पण डोळ्यांच्या नव्हे, कानांच्या. सव्वीस वर्षांपूर्वी, भाऊ गेल्यावर, खाणीच्या कचेरीत मुकादमाने एक कागद वाचून दाखवला होता. तीन हाका दिल्या, उत्तर आलं नाही, नियम पाळला गेला. बरोबर ना रे? बरोबर. मग इथे अंगठा उठव. तेवढंच वाचलं होतं. दोषाचं वाक्य मुकादमाने वाचलंच नव्हतं, आणि बत्तीला तेव्हा कागद म्हणजे काळ्या मुंग्या.

म्हणजे हेही होतं त्यात. त्याखाली आपला अंगठा होता.

तळपायाची आग मस्तकात गेली. तो उठला, छापलेल्या पानांच्या गठ्ठ्यातून अठरावं पान शोधून काढलं, कारण तिथे वाचलेलं एक वाक्य त्याला आठवत होतं, आणि ते तिथेच होतं. मग तो दगडी टेबलाशी आला, चौकटीच्या पाचरी सैल केल्या, दोनशे अकरावं पान बाहेर सरकवलं आणि सोडवायला बसला. स चा खाना, न चा खाना, प चा खाना. एकही खिळा चुकीच्या खान्यात पडला नाही.

मालक परत आला तेव्हा अर्धं पान संपलं होतं.

"बत्ती! अरे ते छापलेलं नाही, छापायचंय!"

"माहीत आहे."

"मग सोडवलंस कसं?"

"हाताने."

"डोकं फिरलं का तुझं?" मालकाने कपाळावर हात मारला. "बोलवा रे याच्या जावयाला. पोस्ट पलीकडेच आहे. आणि पुतणीलाही आणा, कुठे बसलीये ती जेवत!"

पुतणी धावतच आली. तिच्यामागून जावई, तोंडात घास तसाच. चौकटीतली रिकामी जागा बघून त्याने तो कसाबसा गिळला.

"काका, हा शेवट होता. तीन महिने लिहीत होतो हा शेवट."

"शेवट नाही, शेण आहे ते," काका म्हणाला. एरवीही तो मोठ्यानेच बोलायचा, आता तर खिडकीची काच हलली. "अठराव्या पानावर काय लिहिलंयस? वाच. जहाजापासून त्या गोळ्यापर्यंत निरोप जायला किती वेळ?"

जावयाने कागद बघितला. "सहा तास."

"आणि उत्तर यायला?"

"सहा."

"आणि तुझा सेनापती शंभर आकडे मोजतो! शंभर! त्याची हाक अजून उंबऱ्याबाहेर पडलेली नाही आणि हा म्हणतो उत्तर आलं नाही. पोस्टात नोकरी करतोस ना रे? सकाळी पत्र टाकून दुपारी 'उत्तर नाही' असा शिक्का मारतोस का तिथे?"

इतकी वर्षं 'जावईबापू, तुम्ही' म्हणणारा माणूस एकेरीवर आलेला बघून मालक दोन पावलं मागे सरला. जावई मात्र विचारात पडला होता. "चूक झाली," तो म्हणाला. "पण काका, किरणालाही जायला सहा तासच लागतात."

"मग ती सहा तासांची वात झाली. एकदा पेटवली की तिच्यामागे धावून कोणी विझवू शकत नाही. तिकडे हाक पोचते, ती माणसं ओ देतात, अरे थांबा, आम्ही इथे आहोत म्हणतात, तेवढ्यात तुझा किरण येऊन आदळतो. ती मेल्यावर सहा तासांनी त्यांची ओ तुझ्या जहाजावर पोचते. मग तुझा सेनापती काय करणार? शांत मनाने ऐकणार?"

"बरं, मी त्याला बारा तास थांबवतो. मग तर झालं?"

"बारा तास थांबव, नाहीतर बारा वर्षं थांबव! तिकडे कोणाला ऐकूच येत नसेल तर? त्यांना कान आहेत हे कोणी बघून आलं होतं? हाक देणं म्हणजे हात धुणं नव्हे. हाक द्यायची ती कोणीतरी वाचावं म्हणून. आपण सुटावं म्हणून नाही!"

आता जावईही तापला. घरात झोप नाही, पोस्टात साहेबाची कटकट, आणि वर हे. "काका, ही कादंबरी आहे. यात खरं कोणी मरत नाही. कागद आहे हा!"

"मी अंगठा दिला तोही कागदच होता."

यंत्रावरचा माणूस दारात उभा होता, तो हळूच बाहेर गेला.

"कसला अंगठा?" पुतणीने विचारलं. मग तिचं तिलाच उमगलं. "काका, ते चौकशीच्या कागदातलं वाक्य आहे, हो. आईच्या पेटीत त्याची नक्कल होती. मीच यांना दाखवली. मला वाटलं तुला माहीत आहे त्यात काय आहे ते."

"माहीत नव्हतं. अर्धंच वाचून दाखवलं होतं."

"पण चुकीचं काय आहे त्यात? तू हाका दिल्यास. बाबांनी मनावर घेतल्या नाहीत. तूच सांगत आलास मला. सावलीला पडले होते, उठायचा कंटाळा केला."

काकाने मूठ उघडली. तळहातावर चार-पाच खिळे होते, ते त्याने टेबलावर ठेवले.

"त्याला ऐकू येत नव्हतं," तो म्हणाला.

"कुणाला?"

"तुझ्या बापाला. दोन्ही कान गेले होते. भोकं पाडणाऱ्यांचे जातातच, त्याचे फार लवकर गेले. दर महिन्याला मुकादम सगळ्यांना रांगेत उभं करायचा आणि मागून नाव घ्यायचा. जो वळणार नाही त्याला टोळीतून काढून खडी फोडायला धाडायचे. तुझ्या बापाला ते नको होतं. मी त्याच्या समोर उभा राहायचो. मुकादमाने त्याचं नाव घेतलं की मी भुवई उडवायचो, की हा वळायचा. दोन वर्षं वळला. मुकादम म्हणायचा, याच्यासारखे तिखट कान कुणाचे नाहीत."

काकाने टेबलावरचा एक खिळा उचलून खान्यात टाकला.

"त्या दुपारी मी हाका दिल्या. तीन. शंभर-शंभर मोजले, एक आकडा कमी नाही. नियमात बोट शिरायला जागा नाही. तो दगडाआड आडवा झाला होता. मी हाका देत होतो खाणीला. एवढंही डोक्यात आलं नाही की ज्याला ऐकू येत नाही हे जगात एकट्या मला माहीत आहे, तो कुठे आहे ते आधी डोळ्यांनी बघावं. आम्हीच एकमेकांचे कान फोडायचो आणि आम्हीच एकमेकांना हाका द्यायचो. कुणालाही हसू यायला हवं होतं त्या रीतीचं. कुणालाच आलं नाही. मलाही नाही."

"आईला हे ठाऊक होतं?"

"नाही."

"आई मरेपर्यंत बाबांना बोल लावत राहिली," पुतणीचा आवाज बारीक झाला, आणि मग एकदम चढला. "शेवटच्या आजारातसुद्धा! 'हाकेला उठले असते तर माझी ही दशा झाली नसती.' तू उशाशी बसून ऐकायचास. पाणी पाजायचास तिला आणि ऐकायचास!"

"हो."

"आणि मला ऐकवायचास की तुझा बाप आळशी होता. लहानपणी मी सकाळी लवकर उठले नाही की मला भीती वाटायची, काका, की माझ्यातही ते आलंय. हे सांगायला तुला साठी गाठावी लागली? अक्षरं यायची वाट बघत होतास?"

काकाने मान खाली घातली.

जावई पुढे झाला. "अगं, मला जर कल्पना असती..."

"तुम्ही तर बोलूच नका!" ती त्याच्याकडे वळली. "तो कागद मी तुम्हाला दाखवला तेव्हा रडत होते मी. तुम्ही उचललात आणि त्याचा सेनापती केलात. शांत मनाने म्हणे! नऊशे कोटी माणसं मारून ज्याचं मन शांत राहतं तो तुमचा नायक. आणि मी, त्या बापाची पोर, त्या पानावर बसून विरामचिन्हं तपासली. एक स्वल्पविराम राहिला होता तो घातला!"

तिने टेबलावरचं मुद्रित उचललं, चुरगाळलं आणि टोपलीत न टाकता जमिनीवर फेकलं. मग हात धुतले आणि निघून गेली. मुलींना शेजारणीकडे ठेवलं होतं, त्यांची दुधाची वेळ झाली होती.

मालकाने चौकटीतल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "यंत्रावर आज दुसरं काम चढवा," तो बाहेर ओरडला आणि आत गेला.

जावई संध्याकाळपर्यंत तिथेच होता. त्या दिवशी तो पोस्टात परत गेलाच नाही, आणि त्यावरून त्याला साहेबाची लेखी समज मिळाली. पुढच्या आठवड्यात त्याने दोनशे अकरावं पान नव्याने लिहिलं. त्यात सेनापती कळ दाबतो, आणि बारा तासांनी त्याच्या कानावर ओ येते. ती ओ शंभर आकडे मोजून होईपर्यंत येत राहते. मग बंद होते. पुढे काही लिहिलेलं नाही. मालक म्हणाला, असला शेवट कोण विकत घेणार. त्याचं खरं ठरलं. गठ्ठे बरीच वर्षं छापखान्याच्या माळ्यावर पडून होते.

पुतणी काकाशी आठ महिने बोलली नाही. चहाचा कप समोर ठेवायची, तो आवाज होईल असा ठेवायची. काका पाळणा हलवायचा, खिळे टाकायचा. पुढे ती बोलायला लागली ते कामापुरतं. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही आणि त्यानेही माफी मागितली नाही. मात्र त्या आठ महिन्यांतच तिने खाणीच्या कचेरीला पत्र लिहिलं, की वडिलांच्या कागदातलं दोषाचं वाक्य काढा, त्यांना ऐकू येत नव्हतं आणि ते तुमच्याच कामाने. खाली साक्षीदार म्हणून काकाने सही केली. अंगठा नव्हे, सही. दोन वर्षांनी एका ओळीचं उत्तर आलं, की चौकशी पूर्ण झालेली असून नियम पाळला गेला होता. त्या दिवशी काकाने ते उत्तर स्वतः वाचलं, शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि पत्र टेबलावर ठेवून इतक्या मोठ्याने शिवी दिली की दोन्ही मुली पाळण्याच्या वयाच्या नसूनही रडायला लागल्या. पुतणीने दुसऱ्याच दिवशी पुन्हा लिहिलं. ती अजून लिहिते.

बत्तीकाका मुली पहिलीत गेल्या त्या वर्षी हिवाळ्यात, सकाळी, छापखान्यात निघायच्या आधी गेला. त्याचा धाकटा भाऊ त्याच्या बत्तीस वर्षं आधी, अठ्ठावीस वर्षांचा असताना, दुपारी सव्वा वाजता खाणीत सुरुंगाने मेला. त्याला ऐकू येत नव्हतं.